आम्ही ओसरीवरचे इस्राएल

“ही आमची काळी ज्यू,” प्रोफेसर म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

रविवारचं जेवण होतं. प्रोफेसरांच्याच घरी. मोठी काचेची खिडकी, बाहेर आयर्लंडमधलं कॉर्कचं बंदर, पलीकडच्या काठावर रिंगास्किडीचे औषध कारखाने. मी भाजलेल्या बटाट्यांचं भांडं शेजारणीकडे सरकवत होते. हात तिथेच थांबला. प्रोफेसरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

“चिडू नकोस हं. तुझाच शब्द आहे.”

माझाच होता. तो मी त्यांना त्यांच्या खोलीत, दार लावून सांगितला होता. त्यांनी मान हलवत ऐकलं होतं, पाणी दिलं होतं. आणि आता तोच शब्द त्यांनी पाहुण्यांना वाइनबरोबर वाढला.

समोरच्या बाई पुढे वाकल्या. “पण म्हणजे तुम्ही खऱ्या ज्यू? की मागाहून झालेल्या?”

त्यांच्या नवऱ्याला भारीच मजा वाटली. “इंडियात ज्यू! ग्रँड! मग देव किती तुमचे?”

पुन्हा हसू. मीही हसले. काय करणार होते? ज्यांच्या सहीवर माझा प्रबंध अडलेला, त्यांच्या टेबलाशी मी बसलेली. अशा वेळी तोंड आपोआप हसतं. आपल्याला विचारत नाही.



मी बेने इस्राएल. रेवदंड्याच्या बाजूचं गाव आमचं. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांनी तिथे तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. घरात मराठी, कालवणात नारळ, देव एक. हे मी आयर्लंडमध्ये इतक्या लोकांना सांगितलंय की आता मला माझाच कंटाळा येतो.

आयरिश माणूस निदान सरळ विचारतो. आपला मराठी माणूस आडून विचारतो. ब्लँचर्डस्टाउनला इथल्या मराठी लोकांच्या एका हळदीकुंकवाला गेले होते. पुण्याच्या एका बाईंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मूळचे कोण तुम्ही?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “अय्या, ज्यू! मला वाटलं, त्यातल्या आहात की काय.”

त्यातल्या म्हणजे कुणातल्या, ते मी विचारलं नाही. कळलं होतं. त्या घरात मी तेवढ्यावर सुटले. माझ्या जागी दुसरी कोणी सुटली नसती.

आणि खरं तर मीही सुटलेली नव्हते. त्या बाईंना ठाऊक नव्हतं एवढंच.

आमच्यातही दोन होते. गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल. चामडीचा रंग बघून नव्हे. कुठल्या तरी पणज्याने कधीतरी समाजाबाहेरची बाई घरात आणली, तर तिची लेकरं काळी. लेकरांची लेकरं काळी. पुढे कितीही गोरी निपजली तरी काळीच. त्यांच्याशी सोयरीक नाही. त्यांचं ताट वेगळं, हंडा वेगळा.

माझ्या आजीचे वडील काळा इस्राएल. आमच्याकडे सिनेगॉगला मशीद म्हणायची पद्धत होती. तर ते मशिदीत आत बसत नसत. ओसरीवर बसत. प्रार्थना तीच, पाठ तेच, देव तोच. पण ओसरीवर. आशीर्वादाचा द्राक्षारस आत फिरायचा. सगळ्या गोऱ्यांचे घोट झाले की उरलेला बाहेर यायचा. उरला तर. आजी तेव्हा लहान, बापाला चिकटून बसलेली. म्हणायची, “पेला दिसायचा गो. दारापरेंत येताना दिसायचा.”

त्याच्यापुढचं ती सांगत नसे.

आता असं उघड कोणी करत नाही, म्हणतही नाही. पण माझ्या आईची एक ठरलेली सोयरीक मोडली होती. कारण कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं.

नवऱ्याला रिंगास्किडीत नोकरी लागली म्हणून मी या देशात आले. इतिहासात एम.ए. झालेलं होतं. घरी बसवेना. दोन तासांवरच्या एका विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं. विषय मीच निवडला. अमेरिकेत युरोपी लोकांनी वस्त्या केल्या त्या सुरुवातीच्या काळातले यहुदी समाज, आणि त्यांच्या घरातले, मळ्यांतले आफ्रिकन गुलाम.

स्पेन-पोर्तुगालमधून धर्मासाठी छळून हाकलले गेलेले यहुदी. त्यातले काही समुद्र ओलांडून गेले. कुणी उत्तर अमेरिकेतल्या बंदरांत दुकानं थाटली, कुणी दक्षिण अमेरिकेत सुरिनाममध्ये नदीकाठी उसाचे मळे केले. आणि शेजारच्या ख्रिस्ती मळेवाल्यांनी केलं तेच केलं. माणसं विकत घेतली. पेसाखच्या सणाच्या रात्री, मिसर देशातल्या गुलामीतून आपण कसे सुटलो त्याची गोष्ट मांडायची, आणि ताटं उचलायला गुलाम बाई. ती गोष्ट तिच्या कानावर पडतच असणार. तिला काय वाटत असेल? हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मग मालकांना त्या बायकांपासून लेकरं झाली. काही मालकांनी ती लेकरं यहुदी म्हणून वाढवली. नावं दिली, प्रार्थना शिकवल्या. आणि सुरिनामच्या सिनेगॉगमध्ये या लेकरांना, त्यांच्या लेकरांना, पूर्ण सभासद मानलं नाही. बसायला वेगळी बाकं. मागची.

लायब्ररीत मी ते वाचलं आणि पुस्तक उघडं टाकून बाहेर आले. पार्किंगमध्ये उभी राहिले. लोक गाड्या काढत होते, दारं आपटत होती. माझ्या डोळ्यांपुढे रेवदंड्याची ओसरी. कुठे सुरिनाम, कुठे रेवदंडा. एकमेकांचं नाव न ऐकलेली माणसं. आणि व्यवस्था तीच.

त्याच दुपारी मी प्रोफेसरांना आजीचं सांगितलं. तोच तो शब्द, काळा इस्राएल. कशासाठी सांगितला, आणि त्याचं काय झालं, ते वर आलंच आहे.

त्या जेवणानंतर महिन्याभरात त्यांनी मला एक संधी दिली. संधी हा त्यांचा शब्द. बंदराकाठच्या त्यांच्या गावात हौशी लोकांचं इतिहास मंडळ आहे, प्रोफेसर त्याचे अध्यक्ष. तिथे मी व्याख्यान द्यायचं. मी खूश झाले. नाव कळवलं: “घरातले गुलाम आणि मागची बाकं”. खाली छोट्या अक्षरांत विषय.

पोस्टर मला व्हॉट्सॲपवर दिसलं. माझा फोटो, आणि त्यावर मोठ्या लाल अक्षरांत: “गुलामांच्या व्यापारामागचे ज्यू”. खाली: “सांगत आहे एक ज्यू स्त्री”.

मी प्रोफेसरांच्या खोलीत गेले. उभ्यानेच म्हटलं, “हे खोटं आहे.”

“थोडं झणझणीत आहे,” ते म्हणाले. “हॉल भरायला लागतो गं.”

“त्या व्यापारामागे यहुदी नव्हते. त्यात त्यांचा हात थोडका होता. माझ्या पहिल्याच प्रकरणात आहे ते. तुम्ही वाचलंय.”

“वाचलंय ना. हॉलमध्ये सांग की ते.” मग खुर्चीत मागे रेलून, समजावणीच्या सुरात: “हे बघ, मी हे शीर्षक दिलं असतं तर गदारोळ झाला असता. तू दिलंस तर कोण काय बोलणार? तू त्यांच्यातलीच.”

म्हणजे मी बुरखा. यांना जे म्हणायचंय ते माझ्या तोंडून म्हणायचं, आणि वर माझंच तोंड पुढे करायचं. जेवणाच्या टेबलावर मी खरी ज्यू नव्हते. पोस्टरवर एकदम खरी झाले.

मी म्हटलं, “शीर्षक बदला.”

“छापून झालंय.”

मी निघून आले.

दोन दिवसांनी रूथचा फोन आला. रूथ आमच्या शहरातली वयस्कर यहुदी बाई. इथलं सिनेगॉग बंद झालंय, मोजकी कुटुंबं उरलीत, त्यातलं एक तिचं. मी तिला सणावारी भेटत असे. तिने चहाला बोलावलं. स्वतः केक केला होता. तो कापलाच नाही.

“तू हे करू नकोस,” ती म्हणाली.

“शीर्षक माझं नाही, रूथ.”

“शीर्षकाचं नाही बोलत मी. आतलंही बोलू नकोस. आपल्या लोकांनी गुलाम ठेवले होते, हे त्या हॉलमध्ये सांगितलंस की ते तेवढंच घरी नेतील. माझ्या आजोबांना याच देशात लोकांनी रस्त्यात दगड मारलेत. तुला माहीत नाही ही माणसं कशी बोलतात दाराआड.”

ती खोटं बोलत नव्हती. मला तिची भीती कळत होती. मी म्हटलं, “पण झालं ते झालंच ना? त्या बायका होत्याच ना?”

तिने माझ्या कपात चहा ओतला. मग, अगदी हळू, खिडकीकडे बघत म्हणाली, “आणि राग मानू नकोस, पण हा तुझा इतिहास नाही. तुम्ही लोक तेव्हा भारतात होता. तुमचं... तुमचं नक्की कुठून आलं, तेही कुणाला ठाऊक नाही.”

तुम्ही लोक.

प्रोफेसरांच्या घरी खरी का म्हणून विचारलं तेव्हा मी हसले होते. इथे मला हसू आलं नाही. रूथ माझी होती. आम्ही एकत्र मेणबत्त्या लावल्या होत्या.

“रूथ,” मी म्हटलं, “मागच्या बाकावर बसवलेल्यांचा इतिहास माझाच आहे. पुढच्या बाकावरच्यांचा कुणाचा असेल तो असो.”

चहा तसाच टाकून मी उठले.

त्या दिवसांत आई ठाण्याहून आलेली होती. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स. इथे आल्यापासून तिने माझ्या स्वयंपाकघरातलं एकेक प्रेस रिकामं करून पुसून काढलं होतं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, हा शब्द तिला फार आवडला होता. मी घरी आले तेव्हा ती भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. आजीची गोष्ट व्याख्यानात सांगणार आहे, हेही.

तिचा हात थांबला.

“आईने जन्मभर झाकलं ते तू माइकवर सांगणार?”

“हो.”

“इथल्या गोऱ्यांसमोर?”

“इथल्याही. आपल्याही.”

ती बराच वेळ वाल सोलत राहिली. मला वाटलं, आता नाही म्हणेल. आणि ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही. मग ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता.

“माझी सोयरीक मोडली ना, तेव्हा आईने मला एकच सांगितलं. कुणाला बोलू नकोस, अब्रू जाते. मी नाही बोलले. तुझ्या बापालासुद्धा कारण नाही सांगितलं. आज विचार करते, कुणाची अब्रू राखली मी? ज्यांनी मोडली त्यांची. ते ताठ मानेने फिरले. मी लग्नाकार्याला गेले की भिंतीकडेला बसत होते.”

वालाची सालं तिने मुठीत गोळा केली आणि बादलीत टाकली.

“सांग तू. मी येते ऐकायला. पहिल्या रांगेत बसव मला.”

हॉल भरला होता. कारखान्यांतले साहेब लोक, निवृत्त शिक्षक, प्रोफेसरांच्या जेवणातली ती दोघं नवरा-बायको. पहिल्या रांगेत आई, साडीवर माझा कोट घालून. अगदी मागे, दाराजवळ, रूथ. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

प्रोफेसरांनी ओळख करून दिली. मोकळेपणाने हसत म्हणाले, “आज आपल्याला कोणी नावं ठेवू शकत नाही, कारण बोलणारी स्वतः ज्यू आहे. आमची काळी ज्यू!”

लोक हसले. आईला इंग्रजी उत्तम कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. कागद खाली ठेवले.

“पोस्टरवरचं शीर्षक माझं नाही,” मी म्हटलं. “ते खोटं आहे. आफ्रिकेतली माणसं पकडून विकण्याचा व्यापार ख्रिस्ती राजांनी, त्यांच्या कंपन्यांनी, त्यांच्या व्यापाऱ्यांनी उभा केला आणि चालवला. त्यात यहुदी थोडे होते. जो सांगतो की ते त्याच्या मागे होते, तो स्वतःच्या घरातला रक्ताचा डाग दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पुसतोय. ते ऐकायला कोणी आलं असेल, तर दार मागे आहे.”

कोणी उठलं नाही. पण खुर्च्या वाजल्या.

मग मी दुसरं सांगितलं. जे थोडे होते ते होते. मळे सांगितले. ताटं उचलणारी बाई सांगितली. मागची बाकं सांगितली. एक शब्द मऊ केला नाही. रूथने मान खाली घातली. मी थांबले नाही.

मग तिसरं सांगितलं. “या बंदरातून काय जात होतं, ते आता ऐका. कॉर्कचं खारवलेलं गोमांस आणि लोणी, पिंपंच्या पिंपं. कॅरिबियनच्या मळ्यांकडे. मालकांच्या ताटात. हलकं, टाकाऊ ते गुलामांच्या. त्या व्यापारावर इथल्या घरांना वरचे मजले चढले.”

आता कुणी हसत नव्हतं.

जेवणातले ते गृहस्थ उठले. लाल झाले होते. “आमच्यावर कशाला घसरताय? आयरिश लोक स्वतः गुलाम होते!”

“तुमचा छळ झाला,” मी म्हटलं. “जमिनी गेल्या, भाषा गेली, उपाशी मेलात. मजूर म्हणून लोक बोटीत कोंबले गेले. ते मी नाकारत नाही. पण तुमच्या लेकराचं लेकरू जन्मतःच मालकाचं, असं झालं नाही. आणि ज्याचा छळ झाला तो दुसऱ्याचा छळ करणारच नाही, असं मुळीच नसतं. मला हे कुठल्या पुस्तकाने नाही, माझ्याच लोकांनी शिकवलं.”

आणि मी आजीचं सांगितलं. ओसरी, पेला, सगळं. आईची मोडलेली सोयरीक सांगितली. आई ताठ बसून होती. शेवटी मी प्रोफेसरांकडे वळले.

“काळा इस्राएल हे नाव आम्हाला आमच्यातल्याच वरच्यांनी दिलं. हिणवायला. तो शब्द मी तुम्हाला विश्वासाने सांगितला होता. तुम्ही त्याचा विनोद केलात. दोनदा. आजपासून तो तुमच्या तोंडी नको.”

मी खाली बसले. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. बरेच जण उठून आपापले कोट शोधायला लागले.

पार्किंगमध्ये प्रोफेसर माझ्यामागे आले. चेहरा पांढरा. “माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर तू मला नागडं केलंस. तुला वाटत नाही, थोडं कृतज्ञ असायला हवं होतंस?”

“कशाबद्दल?” मी विचारलं.

त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि आपल्या गाडीकडे वळले. इतकी वर्षं कुणी विचारलंच नसावं.

रूथ तिच्या गाडीपाशी उभी होती. तिने आईचा हात हातात घेतला, माझा नाही. मला म्हणाली, “मला अजूनही वाटतं, तू बोलायला नको होतंस. पण खोटं बोलली नाहीस.” आणि गाडीत बसली. आमच्यात एवढंच उरलंय. मी त्याला मैत्री म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसरांनी मार्गदर्शन सोडलं. मतभेदांमुळे, असं कळवलं. विभागात दुसऱ्या कुणाकडे जागा निघाली नाही. केलेलं काम तसंच पडलं. इस्राएलला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने फोन करून विचारलं, “कशाला उकरलंस? मुलींची लग्नं व्हायचीत आमच्या.” मी म्हटलं, “म्हणूनच.” त्याने फोन ठेवला. अजून केलेला नाही. आई परत गेली आणि ठाण्यातल्या आमच्या लोकांत तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. दोन घरांनी तिला बोलावणं बंद केलं. ती म्हणते, बरं झालं, त्यांच्याकडचं कालवण तसंही पांचट असायचं.

मी काम सोडलेलं नाही. दुसऱ्या विद्यापीठात पहिल्या पायरीपासून चढतेय. इंग्रजीत लिहीन ते लिहीनच, मराठीतही लिहिणार. कारण हळदीकुंकवात आवाज खाली आणून विचारणाऱ्या बायकांनी ते वाचायला हवं. ज्यांना असं विचारलं जातं त्यांनी तर आधी.

मध्ये आणखी दोन ठिकाणांहून बोलावणी आली. एकाला यहुद्यांवर कोरडे ओढायला मी हवी होते. दुसऱ्याला यहुद्यांवरचा डाग धुवायला. दोघांनाही मी तेच कळवलं. मी येईन तेव्हा त्या गुलाम बायकांची नावं घेऊन येईन, सापडतील तेवढी. मालकांचीही नावं घेईन. यहुदी असोत, ख्रिस्ती असोत, कॉर्कचे असोत, माझ्या रक्ताचे असोत. मधलं एक वाक्य गाळायचं नाही. एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपवायचं नाही. चालणार असेल तर बोलवा.

आणि बोलावून मध्येच माइक बंद करायचा बेत असेल, तर खुशाल करा. माझा आवाज समुद्रकाठचा आहे. शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतो.